कॉलेजची शैक्षणिक क्विझ: बाराव्या संघालाही दिवसभर खेळू द्या

तुमचा प्रश्न मी असा समजलो: बडोद्यातल्या तुमच्या कॉलेजात पहिल्यांदाच आंतरमहाविद्यालयीन शैक्षणिक क्विझ भरवायची आहे. हाताशी एक दिवस, एक सभागृह आणि चौघे आयोजक आहेत. बडोदा, आणंद, भरूच, सुरत मिळून वीसेक संघ येतील असा अंदाज आहे. क्विझमास्टर कोणाला बोलवावं, बझर विकत घ्यावेत का आणि प्रश्न कुठून आणावेत, हे तुम्ही विचारलंय. मी बडोद्यात बरीच वर्षं अशा स्पर्धांसाठी प्रश्न लिहितोय, तपासतोय आणि सामने चालवतोय, त्या अनुभवातून उत्तर देतो.

या तिन्हींच्या आधी आणखी एक प्रश्न आहे आणि बाकीचं सगळं त्यावर ठरतं. सुरतेहून पहाटेची गाडी पकडून आलेला संघ तुमच्याकडे प्रत्यक्षात किती वेळ खेळणार? आपल्या नेहमीच्या पद्धतीत बहुतेक संघांच्या वाट्याला अर्धा तास येतो. पंचवीस-तीस प्रश्नांची लेखी चाळणी होते, त्यातून सहा संघ मंचावर जातात आणि उरलेले प्रेक्षकांत बसतात. या पद्धतीबद्दल मला मनापासून आदर आहे. 1967 मध्ये नील ओब्रायन यांनी कोलकात्यात खुली क्विझ सुरू केली, 1985 मध्ये सिद्धार्थ बसूंचं ‘क्विझ टाइम’ दूरदर्शनवर आलं आणि माझ्यासकट कित्येकांना या खेळाची गोडी तिथूनच लागली. मंचावरच्या क्विझला प्रेक्षक लागतात, रंगत लागते, त्यामुळे तिथे संघ थोडेच असणार. पण तुम्हाला वर्गात शिकलेलं, वाचनालयात बसून वाचलेलं कसाला लावणारी स्पर्धा हवी आहे. तिच्यात बाराव्या क्रमांकाच्या संघालाही दिवसभर खेळायला मिळालं पाहिजे, कारण पुढच्या वर्षी तोच संघ जास्त वाचून येणार असतो. चाळणीत गळलेला संघ बहुधा परत येत नाही, असं मी पाहिलं आहे.

म्हणून माझा सल्ला असा, की मंच फक्त अंतिम सामन्यासाठी ठेवा आणि दिवसभर वर्गखोल्यांमध्ये एकाच वेळी दोन-दोन संघांचे सामने लावा. सभागृहापेक्षा सहा रिकाम्या खोल्या मागा, त्या सहज मिळतात. शनिवार असेल तर प्राचार्य नाही म्हणत नाहीत.

आता किती संघ घ्यायचे हे तुमच्याकडे माणसं किती आहेत यावर आहे. प्रत्येक खोलीत एक वाचणारा आणि एक गुण लिहिणारा लागतो. वीस संघ म्हणजे दहा खोल्या, म्हणजे वीस जाणती माणसं, आणि तुम्ही चौघे आहात. पहिल्या वर्षी बारा संघांवर थांबा. एका कॉलेजचा एकच संघ घ्या, बाकीच्यांची प्रतीक्षायादी ठेवा. सहा खोल्यांना बारा माणसं लागतील, ती एमए-एमएस्सीच्या मुलामुलींतून आणि क्विझ खेळून बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांतून जमतात.

बारा संघ असले की मांडणी फार सुरेख बसते. सहा-सहांचे दोन गट करा. सकाळी प्रत्येक संघ आपल्या गटातल्या पाचही जणांशी खेळतो: पाच फेऱ्या, सहाही खोल्या भरलेल्या, कोणी रिकामा नाही. दुपारी दोन्ही गटांतले पहिले तीन वरच्या गटात आणि खालचे तीन खालच्या गटात जातात. इथे प्रत्येक संघाला फक्त समोरच्या गटातून आलेल्या तिघांशी खेळायचं असतं. आपल्या गटातल्या दोघांशी सकाळीच सामना झालेला आहे, तो निकाल तसाच धरायचा. तीन फेऱ्यांत सहा संघांची पूर्ण साखळी होते. प्रत्येक संघ आठ सामने खेळतो आणि वरच्या गटातले पहिले दोन अंतिम सामन्याला जातात. खालच्या गटातही सातवा कोण, बारावा कोण हे खेळूनच ठरतं, आणि बरोबरीच्या संघांतले हे सामने फार चुरशीचे होतात.

वेळेचा हिशोब: एका फेरीला चाळीस मिनिटं धरा, त्यात सामना पंचवीस-तीस मिनिटांचा आणि बाकी खोली बदलायला. साडेनऊला सुरुवात केली तर पाच फेऱ्या साधारण एकला दहा मिनिटं कमी असताना संपतात. पाऊण-एक तास जेवण, पावणेदोनला पुन्हा सुरुवात, पावणेचारला तीन फेऱ्या पूर्ण. मधे बरोबरी सोडवायला आणि चहाला वेळ ठेवून साडेचारला अंतिम सामना. सव्वापाचला बक्षीस समारंभ आटोपला की बाहेरगावचे संघ स्टेशन गाठतात. एखादा संघ आयत्या वेळी आलाच नाही तर सगळं वेळापत्रक कोलमडतं, म्हणून स्वयंसेवकांतून चार जणांचा एक राखीव संघ तयार ठेवा. तो खेळतो, पण क्रमवारीत धरायचा नाही. आणि सगळ्या खोल्यांत एकच प्रश्नसंच एकाच वेळी वापरायचा. सहावी खोली संपेपर्यंत पुढची फेरी सुरू करायची नाही, नाहीतर व्हरांड्यातच उत्तरं कानावर पडतात.

सामन्याचे नियम साधे ठेवा. संघात चार जण. आधी एक मुख्य प्रश्न, जो कोणीही वाचता-वाचता बझर दाबून तोडू शकतो, तेव्हा आपसांत बोलायचं नाही. बरोबर आलं तर दहा गुण, प्रश्नाच्या सुरुवातीच्या अवघड भागातच उत्तर दिलं तर पंधरा. मधेच तोडून चुकलं तर पाच वजा, आणि दुसऱ्या संघाला उरलेला प्रश्न पूर्ण ऐकायला मिळतो. प्रश्न पुरा वाचून झाल्यावर चुकलं तर वजा काही नाही. ज्यांनी मुख्य प्रश्न मिळवला त्यांना लगेच एकाच विषयावरचे तीन जोडप्रश्न, प्रत्येकी दहा गुणांचे, यावर चौघांनी चर्चा करायची. जोडप्रश्न काढून टाकायचा मोह होईल, कारण ते लिहायला फार वेळ जातो. काढू नका. नुसते मुख्य प्रश्न ठेवले तर एकटा हुशार मुलगा अख्खा सामना मारून नेतो आणि बाकी तिघे दिवसभर गप्प बसतात. हे नियम ज्यावरून घेतले त्या अमेरिकी ‘क्विझ बोल’ पद्धतीत सामन्याला वीस मुख्य प्रश्न असतात, तुम्ही पंधरा ठेवा.

आता प्रश्नांकडे येतो. स्पर्धेचं सगळं यशापयश इथे आहे आणि तुमच्या चौघांचा नव्वद टक्के वेळ इथेच गेला पाहिजे. आठ फेऱ्यांचे आठ संच, एक अंतिम सामन्याचा आणि एक राखीव, असे दहा. म्हणजे दीडशे मुख्य प्रश्न आणि साडेचारशे जोडप्रश्न. हे काम आठ दिवसांत होत नाही. सहा-सात लिहिणारे आणि तीन-चार महिने धरा. लिहिणारा एकही जण खेळणार नाही, आणि यजमान कॉलेजचाही संघ उतरवायचा नाही. ही अट जिवावर येते हे मला माहीत आहे, पण पाहुण्या संघांच्या मनात शंकेला जागा ठेवायची नसेल तर ती पाळावीच लागते.

मुख्य प्रश्न कसा असावा? समजा विचारायचं आहे, ‘महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू कोण?’ बडोद्याच्या सगळ्या संघांना उत्तर येतं, मग ज्याचं बोट आधी पडलं तो जिंकला. अभ्यासाचा संबंधच आला नाही. आता तोच प्रश्न अवघडाकडून सोप्याकडे नेऊन पाहा:

‘अखिल भारतीय महिला परिषदेच्या हैदराबाद अधिवेशनाच्या अध्यक्षपदावरून यांनी स्त्रियांच्या हक्कांची सनद मांडली. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता हे यांचे वडील. 14 ऑगस्ट 1947 च्या मध्यरात्री संविधान सभेत यांनी देशातल्या स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज अर्पण केला. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘ऑल मेन’ऐवजी ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ असे शब्द यावेत असा आग्रह यांनी धरला. यांचे पती जीवराज मेहता गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. दहा गुणांसाठी सांगा, 1949 मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू कोण?’

स्त्री-चळवळीचा इतिहास वाचलेली मुलगी पहिल्या ओळीवर ‘हंसा मेहता’ म्हणेल. राज्यशास्त्राचा विद्यार्थी ध्वजापाशी थांबेल. शेवटी कुणालातरी उत्तर येईलच, त्यामुळे प्रश्न वाया जात नाही. ज्याला जास्त खोलवर माहीत आहे तो आधी पोचतो, एवढंच या रचनेचं काम आहे. यात क्रम लावणं हीच खरी कला. जाहीरनाम्याचा मुद्दा मला स्वतःला पहिल्या ओळीत टाकावासा वाटला असता, पण स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत तो आहे, म्हणून खाली आणला. कुठला धागा किती जणांना माहीत आहे हे घरी बसून कळत नाही. न खेळणाऱ्या पाच-सहा मुलांना समोर बसवून प्रश्न वाचा आणि प्रत्येकाने कुठे हात वर केला त्यावर खूण करा. या एका संध्याकाळीत प्रश्नसंच जितका सुधारतो तितका कशानेच सुधारत नाही.

प्रत्येक ओळ एकाच उत्तराकडे नेणारी हवी. ‘बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर परदेशात शिकलेले हे…’ अशी सुरुवात केली तर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. आंबेडकर डोळ्यांपुढे येतात, पण ती शिष्यवृत्ती मिळालेले ते एकटे नव्हते. ‘बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले’ म्हटलं की दादासाहेब फाळके आठवतात, पण 1890 पासून तिथे शिकून गेलेल्यांची यादी मोठी आहे. अशा ओळीवर एखाद्याने दुसरं खरं नाव दिलं तर वाचणाऱ्याला त्याला चूक ठरवता येत नाही आणि तिथे भांडण सुरू होतं. सालाचे प्रश्नही टाळा. सक्तीचं प्राथमिक शिक्षण सयाजीरावांनी आधी अमरेली तालुक्यात प्रयोग म्हणून सुरू केलं आणि 1906 मध्ये संपूर्ण संस्थानात लागू केलं. ‘कोणत्या साली?’ असं विचारलंत तर दोन्ही बाजू पुस्तकं उघडून येतील आणि दोन्ही बाजूंचं बरोबर असेल.

विज्ञानाच्या प्रश्नांत एक खोड फार दिसते. शास्त्रज्ञाचं गाव, बायको, नोबेलचं साल सांगत प्रश्न पुढे सरकतो. त्याने किस्से वाचणारा मुलगा जिंकतो आणि रात्रभर गणितं सोडवणारी मुलगी हरते. उष्मागतिकीतल्या एन्ट्रॉपीवर प्रश्न लिहायचा तर सुरुवात अशी करा: ‘तापमान स्थिर ठेवून आकारमानासापेक्ष या राशीचा आंशिक विकलज काढला, तर तो आकारमान स्थिर असताना दाबाच्या तापमानासापेक्ष विकलजाइतका येतो.’ उष्मागतिकीतले मॅक्सवेल संबंध ज्याने स्वतः मांडून पाहिले आहेत तो इथेच बझर दाबतो. मग सांख्यिकीय व्याख्या, मग तिसरा नियम आणि शेवटी ‘विलग प्रणालीत ही कधी कमी होत नाही’. विषयाचा माणूस मधल्या ओळीवर यावा, बाकीच्यांना शेवटची ओळ पुरावी.

विषयांची वाटणी आधीच कागदावर लिहा आणि संघांना महिनाभर आधी कळवा. पंधरांत साहित्य तीन, इतिहास तीन, विज्ञान आणि गणित मिळून चार, कला आणि संगीत दोन, तत्त्वज्ञान-धर्म एक, अर्थशास्त्र-समाजशास्त्र एक आणि एक मोकळा, असं मी करतो. इंजिनिअरिंग कॉलेजं जास्त येणार असतील तरी विज्ञान वाढवू नका, उलट त्यांना संघात एक साहित्य वाचणारा घ्यायला लावा. बडोद्यावरचे प्रश्न मात्र मोजून ठेवा. 1950 मध्ये सुरू झालेली इथली ललित कला शाखा, चित्रकार बेंद्रे, शिल्पकार शंखो चौधुरी, प्राच्यविद्या मंदिराची रामायणाची चिकित्सक आवृत्ती, गायक फैयाज खाँ: आपल्या गावाचा हा ऐवज इतका मोठा आहे की प्रत्येक संचात घालावासा वाटतो. पण सुरतेच्या संघाला ते परक्या अंगणात खेळल्यासारखं होतं. दहा संचांत मिळून तीन-चार पुरेत.

प्रश्न आयते आणू नका. परदेशातले तयार संच मिळतात, ते सरावाला उत्तम आहेत, पण त्यांच्यातलं साहित्य आणि इतिहास तिकडचा असतो, आणि मुरलेल्या संघांनी ते वाचलेले असतात. हल्ली काही मुलं एआयकडून प्रश्न काढून देतात. त्यांतलं वाक्य छान वाटतं आणि एखादी ओळ धादांत खोटी निघते. कोणी लिहिलेलं असो, प्रत्येक ओळ छापील पुस्तकातून किंवा विश्वासार्ह कोशातून दुसऱ्या माणसाने पडताळायची आणि संदर्भ समासात लिहून ठेवायचा.

तो संदर्भ आक्षेपाच्या वेळी कामी येतो. आक्षेप येणारच, त्यात वाईट काही नाही. खोलीत वाद घालायचा नाही, संघाने सामना संपताच चिठ्ठीवर लिहून द्यायचं आणि वाचणाऱ्याने सही करून प्रश्नसंचाच्या संपादकाकडे पाठवायचं. निर्णय संपादकाचा, वाचणाऱ्याचा नाही. आणि त्या गुणांनी सामन्याचा निकाल बदलत असेल तरच तो तपासायचा. दहांतल्या नऊ चिठ्ठ्या एवढ्यावरच निकालात निघतात.

भाषेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण बडोद्यात ते टाळता येत नाही. आपल्या मराठी घरांतली मुलं, गुजराती माध्यमातून आलेली मुलं आणि इंग्रजी शाळेतली मुलं एकाच टेबलाशी बसतात. प्रश्न इंग्रजीत वाचावे लागतात, कारण उच्चशिक्षणाची पुस्तकं त्या भाषेत आहेत. उत्तर मात्र मराठी, गुजराती, हिंदी कुठल्याही भाषेत चालेल असं आधीच जाहीर करा, आणि प्रत्येक उत्तराखाली चालणारी पर्यायी नावं लिहून ठेवा, म्हणजे ‘प्रकाशसंश्लेषण’ म्हणणाऱ्या मुलाला वाचणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत बसावं लागणार नाही.

क्विझमास्टरसाठी मानधन देऊन नाव असलेला माणूस आणू नका. तुम्हाला सहा चांगले वाचणारे हवेत: स्पष्ट उच्चार, न अडखळता वेग, बझर वाजताच शब्दाच्या मधेही थांबणारे. विज्ञानाचे प्रश्न वाचायला विज्ञान शिकलेला असेल तर उत्तम. आदल्या आठवड्यात सगळ्यांना एकत्र बसवून जुन्या प्रश्नांवर दोन सराव सामने घ्या, नियमांच्या शंका तिथेच फिटतात. अंतिम सामना त्यांच्यातल्या सर्वात चांगल्या वाचणाऱ्याला सभागृहात वाचू द्या. प्राचार्य, बाकीचे दहा संघ आणि प्रेक्षक तिथे असतील, रंगत आपोआप येते.

बझरवर पैसे घालवू नका. फोनवरची अ‍ॅप्स टाळा, नेट अडकलं की कोणी आधी दाबलं हे ठरत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना सांगा, आठ बटणं, आठ दिवे आणि पहिलं बटण दाबलं की बाकीची बंद होतील असं सर्किट एवढंच हवं, आर्डुइनो या छोट्या सर्किट-बोर्डावर ते सहज जमतं. सहा संच त्यांच्या प्रकल्पाचा भागही होऊ शकतात. तयार झाले नाहीत तर टेबलावर हात आपटून आणि नाव घेऊनही स्पर्धा चालते, फक्त वाचणाऱ्याचं लक्ष हवं.

बरोबरी झाली तर अंतिम सामन्याच्या जागेसाठी राखीव संचातले पाच-सात प्रश्न खेळवा, खालच्या क्रमांकांसाठी एकूण गुण पुरेत. पदव्युत्तर संघ घ्यायचे की नाही हे तुमच्यावर. घेतलेत तर पदवीच्या सर्वोत्तम संघाला वेगळं बक्षीस ठेवा. बक्षीस म्हणून पुस्तकं द्या, ट्रॉफीवर वाचलेल्या पैशांत सगळ्यांचं नीट जेवण होतं. आणि स्पर्धा संपल्यावर त्याच आठवड्यात सगळे दहा संच, उत्तरांसकट, सर्व संघांना पाठवून द्या.

तारखेचं शेवटी, पण ठरवायचं सर्वात आधी. नवरात्रीचे नऊ दिवस आणि त्याच्या आधीचा आठवडा सोडा, गरब्याच्या दिवसांत बडोद्यात कोणी सकाळी साडेनऊला खुर्चीवर बसत नाही. उत्तरायणाच्या आसपासही नको, 14 आणि 15 जानेवारीला सगळं गाव पतंग घेऊन गच्चीवर असतं. सत्र परीक्षा संपल्यानंतरचा डिसेंबरमधला एखादा शनिवार धरा, आणि छापील पत्रक काढण्याआधी आणंद आणि सुरतेच्या दोन-तीन कॉलेजांना फोन करून त्यांच्या परीक्षांच्या तारखा विचारून घ्या.